रिक्वेस्ट संपल्यावर काय उरतं?

प्रयोग अगदी साधा होता. पीएचपीच्या एका फाइलमध्ये एक व्हेरिएबल घेतलं, त्यात शून्य ठेवलं, एक मिळवला आणि उत्तर ब्राउझरवर छापलं. १ आलं. रिफ्रेश केलं, पुन्हा १. कितीही वेळा केलं तरी १. मग तेच नोडमध्ये केलं. व्हेरिएबल फाइलच्या सुरुवातीला, आणि रिक्वेस्ट आली की त्यात एकाची भर. ब्राउझरवर १ आलं. रिफ्रेश केल्यावर ३. मग ५.

“सर, मधले आकडे कुठे गेले?”

कोथरूडमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत शनिवारी दुपारी मी आणि एक पीएचपी डेव्हलपर तिच्या लॅपटॉपसमोर बसलो होतो. मी उत्तर दिलं नाही. तिनंच कोडमध्ये एक ओळ वाढवली: येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टचा पत्ता टर्मिनलवर छापायचा. सर्व्हर पुन्हा सुरू करून एकदा रिफ्रेश केलं आणि टर्मिनलवर दोन ओळी उमटल्या. एक पानाची, दुसरी फॅव्हिकॉनची, म्हणजे टॅबवर नावाशेजारी दिसतं त्या बारक्या चित्राची. ब्राउझर ते न विचारता मागतो. “म्हणजे हा आधीही मागतच होता?” मागत होता. पण अपाची हा वेब सर्व्हर ती मागणी परस्पर निस्तरत होता, तिच्या पीएचपीपर्यंत ती पोचतच नव्हती. इतकी वर्षं तिच्या कोडच्या आणि ब्राउझरच्या मध्ये कुणीतरी उभं होतं, हे तिला त्या दोन ओळींनी दाखवलं.

मग तिनं स्वतःच्या फोनवरून तोच पत्ता उघडला. ३ आलं.

“फोनवर १ यायला हवा ना? फोनवरून तर मी पहिल्यांदाच उघडतेय.”

वेब डेव्हलपर सर्व्हरवरचं नवीन तंत्र शिकतो म्हणजे नेमकं काय शिकतो, हा या लेखाचा विषय आहे, आणि माझ्या मते त्याचं सगळं मर्म तिच्या या प्रश्नात आहे. नव्या भाषेचे कंस, स्वल्पविराम, फंक्शन लिहायची पद्धत हे दोन-तीन आठवड्यांत हाताला बसतं. वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टीला. रिक्वेस्ट येते तेव्हा सर्व्हरवर काय जन्माला येतं, ती वाट पाहते तेव्हा तिच्यासोबत कोण खोळंबतं आणि ती संपते तेव्हा मागे काय उरतं, हे अंगात मुरायला वेळ लागतो.

ती सांगली जिल्ह्यातली. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून पुण्यात आली आणि तेव्हापासून पीएचपीच लिहितेय. नाव छापू नका म्हणाली, म्हणून देत नाही. पतसंस्थांच्या वेबसाइट, मंगल कार्यालयांचं बुकिंग, शाळांची फी भरायची पानं, असं काम तिच्या हातून झालेलं आहे आणि त्यातलं बरंचसं आजही विनातक्रार चालू आहे. कंपनीकडे शाळेच्या बसचं काम आलं तेव्हा पेच पडला. पालकांना बस कुठपर्यंत आली ते फोनवर हलतं दिसायला हवं होतं. पहिली आवृत्ती पीएचपीत झाली. प्रत्येक पालकाचा फोन दर पाच सेकंदांनी सर्व्हरला विचारायचा, बस कुठे आहे? सकाळी सातच्या सुमाराला सगळे पालक एकदम ॲप उघडत आणि सर्व्हर धापा टाकायला लागे. बहुतेक वेळा उत्तर तेच असायचं, बस सिग्नलला उभी असायची. तरी प्रत्येक विचारणेसाठी नवी रिक्वेस्ट, नवी डेटाबेस जोडणी, नवी सुरुवात. इथे जोडणी एकदा उघडून उघडीच ठेवायची आणि बस हलली की सर्व्हरनं आपणहून कळवायचं, हा सरळ मार्ग होता. त्यासाठीची वेबसॉकेट ही पद्धत २०११ मध्ये प्रमाणित झालेली आहे. पण हजारो जोडण्या तासन्‌तास उघड्या ठेवणं हा जुन्या पद्धतीच्या पीएचपीचा पिंड नाही. म्हणून नोड.

त्याआधी पीएचपीचा पिंड काय आहे ते नीट सांगायला हवं, कारण तिला जे नव्यानं शिकायचं होतं ते समजायचा रस्ता तिथूनच जातो.

रासमुस लेरडॉर्फ हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला आणि कॅनडात शिकलेला प्रोग्रॅमर. इंटरनेटवर ठेवलेला आपला बायोडेटा कोण कोण पाहतं हे कळावं म्हणून त्यानं सी भाषेत काही लहान हत्यारं लिहिली आणि जून १९९५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. ‘पर्सनल होम पेज टूल्स’ असं त्यांचं नाव होतं. पुढे इस्रायलमध्ये शिकणाऱ्या झीव्ह सुरास्की आणि अँडी गुटमन्स या दोघांनी त्याचा गाभा नव्यानं लिहिला आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आलं. मराठी विकिपीडियाचं पान आपण उघडतो तेव्हा ते पीएचपीच बनवून देतं, कारण विकिपीडियामागचं मीडियाविकी पीएचपीत आहे. वर्डप्रेसही पीएचपीतच आहे.

या भाषेचं खरं बळ तिच्या मरणात आहे. रिक्वेस्ट आली की कोरी पाटी समोर येते. फाइल वरून खाली चालते, डेटाबेसला विचारते, पान तयार करून देते आणि संपते. संपते म्हणजे तिनं घेतलेली सगळी मेमरी, सगळी व्हेरिएबल्स, उघडलेल्या फाइली, सगळं झाडून साफ होतं. कोडमध्ये काही अडकलं तर ३० सेकंदांची ठरलेली मुदत आहे. ती उलटली की तो गडी बाद. एका पालकाच्या रिक्वेस्टमध्ये चूक झाली तर पांढरं पान त्याच एका पालकाला दिसतं, शेजारच्या रिक्वेस्टला त्याचा पत्ताही लागत नाही. लहान गावातला मुलगा झॅम्पवर शिकतो, स्वस्त होस्टिंग घेतो, फाइल एफटीपीनं चढवतो आणि ती लगेच चालू होते. कुठला सर्व्हर सुरू करायचा नसतो, बंदही करायचा नसतो. अनेक घरं या सोयीवर उभी राहिली आहेत. पीएचपीला नाकं मुरडणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

मात्र या सोयीनं एक गोष्ट नजरेआड ठेवली. पीएचपी लिहिणाऱ्याला प्रोसेस म्हणजे काय हे कधी पाहावंच लागत नाही. तिनं इतकी वर्षं उत्तम काम केलं, पण आपला प्रोग्रॅम चालू राहतो कुठे, हा प्रश्न तिच्यासमोर आलाच नव्हता. तो कुठेच चालू राहत नव्हता.

फोनवरचा ३ त्यामुळेच तिला बोचला. नोडमध्ये प्रोग्रॅम एकदा सुरू होतो आणि जिवंत राहतो. लॅपटॉपवरचा ब्राउझर, तिचा फोन, फॅव्हिकॉन मागणारा टॅब, सगळे त्या एकाच जिवंत प्रोग्रॅमच्या दारात येतात. फाइलच्या सुरुवातीला ठेवलेलं व्हेरिएबल सगळ्यांचं सामायिक. पीएचपीत लॉगिन केलेल्या माणसाची माहिती एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवायची सवय अनेकांना असते आणि तिथे ती निभावून जाते. तीच सवय नोडमध्ये नेली तर एका पालकाला दुसऱ्याच्या मुलाची बस दिसू शकते. तिच्या टीममधल्या एकाच्या कोडमध्ये हे अगदी असंच लिहिलेलं होतं आणि कोड रिव्ह्यूत तिनंच ते पकडलं. एकटा माणूस आपल्या मशीनवर तपासतो तेव्हा ही चूक कधीच दिसत नाही, कारण वापरणारा तो एकटाच असतो.

आता वाट पाहण्याबद्दल. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण नोड जन्मलं ते याच एका गोष्टीपायी.

दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता काय होतं ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पान फिरत राहतं, फिरत राहतं. त्या वेळी सर्व्हर मान मोडून काम करत असेल अशी आपली समजूत असते. पुष्कळदा तसं नसतं. त्याच्या शेकडो प्रोसेस डेटाबेसच्या उत्तरासाठी नुसत्या ताटकळत असतात, आणि ताटकळणारी प्रत्येक प्रोसेस आपली मेमरी अडवून बसलेली असते. मेमरी संपली की नव्या माणसाला आत घ्यायला जागा नसते. डॅन केगल या अमेरिकन प्रोग्रॅमरनं १९९९ मध्ये हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला: एका मशीननं एकाच वेळी दहा हजार जोडण्या सांभाळायच्या कशा? यंत्रांची ताकद तेव्हाच पुरेशी झाली होती, कमी पडत होती ती प्रोग्रॅम लिहायची पद्धत. पाच वर्षांनी, २००४ मध्ये, रशियाच्या इगोर सिसोएवनं एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लोकांसमोर आणला. मोजक्याच प्रोसेस, आणि प्रत्येक प्रोसेस हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवून; जिच्याकडे काही घडेल तिच्यापुरतं काम करायचं आणि पुढे जायचं.

रायन डालनं हीच पद्धत सामान्य वेब डेव्हलपरच्या हातात दिली. गणितातली पीएच.डी. मध्येच सोडून प्रोग्रॅमिंगकडे वळलेला हा तरुण ८ नोव्हेंबर २००९ रोजी बर्लिनमध्ये जेएसकॉन्फ या परिषदेत नोडबद्दल बोलायला उभा राहिला. त्याच्या एका स्लाइडवर फक्त आकडे होते. प्रोसेसरला अगदी जवळच्या कॅशमधून काही आणायचं तर ३ सायकल लागतात, मेमरीतून आणायचं तर २५०. डिस्कवरून आणायला ४ कोटी १० लाख आणि नेटवर्कवरून २४ कोटी. पुढच्या दोन गोष्टी पहिल्या दोघींच्या पंगतीला बसवताच येत नाहीत, तरी आपण कोडमध्ये चारही एकसारख्याच लिहितो: एक ओळ, मग पुढची ओळ. डेटाबेसची क्वेरी ही दिसायला बेरजेसारखीच एक ओळ असते, आणि त्या ओळीवर प्रोसेसर कोट्यवधी सायकली हात बांधून उभा राहतो.

डालनं त्यासाठी जावास्क्रिप्ट निवडली. क्रोम ब्राउझरसाठी गुगलनं बनवलेलं व्ही-एट हे वेगवान इंजिन वर्षभरापूर्वीच खुलं झालं होतं. पण मला त्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. जावास्क्रिप्ट वाढली ब्राउझरमध्ये, त्यामुळे फाइल उघडून ती वाचून होईपर्यंत थांबायची सवयच तिला नव्हती. बटण दाबलं की हे कर, उत्तर आलं की ते कर, हीच तिची रीत. थांबायची वाईट सवय न लागलेली भाषा त्याला आयती मिळाली.

हे सगळं ऐकून माणूस भारावतो. पण कोड लिहायला बसला की पहिलाच फटका बसतो. तिला तो बसला तो एका लूपमध्ये.

काम सोपं होतं. बसच्या नंबरांची यादी आहे, प्रत्येक बसचं शेवटचं ठिकाण डेटाबेसमधून आणायचं, नव्या यादीत भरायचं, यादी परत करायची. पीएचपीत हे तिनं शेकडो वेळा केलेलं. नोडमध्ये तिनं फॉरईच लावलं, आत क्वेरीच्या आधी ‘अवेट’ लिहिलं, लूपनंतर यादी परत केली. फोनवर रिकामी यादी. एरर नाही, इशारा नाही. लूपच्या आत छापून पाहिलं तर ठिकाणं बरोबर येत होती. लूपच्या बाहेर छापलं तर यादी रिकामी, आणि टर्मिनलवर बाहेरची ओळ आतल्या ओळींच्या आधी उमटलेली.

“खालची ओळ वर कशी आली?” त्या दोन ओळींकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

अवेट थांबतं ते ज्या फंक्शनमध्ये लिहिलंय तेवढ्यापुरतं. फॉरईच प्रत्येक बससाठी एक वेगळं फंक्शन सुरू करून देतं आणि ते कधी संपेल याची फिकीर न करता पुढच्या बसकडे वळतं. सगळी फंक्शनं उत्तराची वाट पाहत असतानाच खालची ओळ येते आणि यादी रिकामी परत जाते. साधा फॉर लूप लावला की ते थांबतं, पण एका बसनंतर दुसरी असं रांगेनं. सगळ्या क्वेरी एकदम सोडून सगळ्यांची उत्तरं आल्यावर पुढे जायचं असेल तर प्रॉमिस-ऑल. तिनं वहीत तिन्ही प्रकार मराठीत लिहून काढले, प्रत्येकापुढे वेळेची रेघ आखून: क्वेरी कधी सुटली, उत्तर कधी आलं, यादी कधी गेली. नोड शिकणाऱ्या कुणालाही मी तशा रेघा आखायला सांगेन. पीएचपीचा कोड वाचताना नजर वरून खाली गेली की वेळही तसाच जातो. इथे नजर आणि वेळ यांची फारकत होते, आणि कागदावर काढल्याशिवाय ती उमगत नाही.

सुरुवातीच्या काळात तर अवेटही नव्हतं. कॉलबॅकच्या पोटात कॉलबॅक, त्याच्या पोटात आणखी एक, असा कोड उजवीकडे सरकत जायचा. डालनं प्रॉमिस २००९ मध्ये नोडमध्ये घातलं होतं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये काढून टाकलं. जावास्क्रिप्टमध्ये ते अधिकृतपणे आलं २०१५ साली, आणि असिंक-अवेट २०१७ मध्ये. २०१८ मध्ये पुन्हा बर्लिनमध्येच डालनं नोडबद्दल आपल्याला खंत वाटणाऱ्या दहा गोष्टी जाहीरपणे सांगितल्या. त्यात प्रॉमिस काढून टाकल्याची खंत होती. आपल्याच हातून घडलेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या वस्तूबद्दल इतकं सरळ बोलणारा माणूस विरळा. शिकणाऱ्यांनी ते भाषण जरूर ऐकावं. तंत्र आपल्यासारख्याच माणसांनी घडवलेलं असतं आणि त्यांनाही सगळं आधी दिसत नाही, हे त्यातून कळतं.

दुसरा धडा अडवणुकीचा. नोडमध्ये तुमची जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालते. नेटवर्कवर वाट पाहायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवलेलं असतं; फाइली वाचण्यासारख्या काही कामांसाठी लिबयूव्ही या लायब्ररीचे मागे चार थ्रेड असतात; पण तुमच्या कोडसाठी एकच. मी तिला एक पत्ता असा लिहायला सांगितला की त्यावर रिक्वेस्ट आली की दहा सेकंद नुसता लूप फिरावा. तो पत्ता तिनं लॅपटॉपवर उघडला आणि फोनवर बसचं पान. बसचं पान दहा सेकंद जागचं हललं नाही. तिच्या लगेच लक्षात आलं: “गिरणीत एकच जातं. कुणी बाजरीचं पोतं आणून टाकलं की आमचा दोन किलोचा डबाही तिथेच.” याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये असं पोतं होतंही: महिन्याच्या शेवटी प्रत्येक मुलाच्या हजेरीची पीडीएफ बनवायची. ते काम नोडमध्येच घातलं असतं तर ज्या सकाळी शाळेनं हजेरी काढली असती त्या सकाळी सगळ्या पालकांच्या फोनवर बस गोठली असती. पीएचपीत हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. तिथे पीडीएफ बनवणारी प्रोसेस बाकीच्यांपासून अलग असायची.

आणि मग मरणाची गोष्ट. पीएचपीत रिक्वेस्ट मेली तर एकटी मरते. नोडमध्ये कुठेतरी न पकडलेली एरर आली की सगळी प्रोसेसच बसते आणि तिच्यासोबत त्या क्षणी जोडलेले सगळे पालक तुटतात. २०२० मध्ये नोडची १५वी आवृत्ती आली तेव्हापासून न हाताळलेलं प्रॉमिस फसलं तरी मुळात हेच होतं. काही जण वैतागून म्हणतात, एवढ्याशा चुकीसाठी अख्खा सर्व्हर का पाडायचा? मला हा निर्णय योग्य वाटतो. सामायिक मेमरीत काय बिघडलंय याची खात्री नसताना चालत राहण्यापेक्षा पडून कोऱ्या पाटीनं उठणं बरं. मग प्रोसेस पडली की लगेच उठवणारं काहीतरी बाजूला बसवायचं, एकाऐवजी चार प्रोसेस चालवायच्या, फोनमधल्या ॲपला तुटलेली जोडणी पुन्हा जोडायला शिकवायचं. चार प्रोसेस केल्या की आणखी एक गोष्ट होते. प्रत्येकीची मेमरी वेगळी, त्यामुळे एका प्रोसेसला कळलेलं बसचं ठिकाण दुसरीला माहीत नसतं. मग ते बाहेर, सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवायला हवं. त्यांनी रेडिस वापरलं, इटलीतल्या साल्व्हातोरे सानफिलिप्पोनं २००९ मध्ये सुरू केलेलं.

इथे तिचा चेहरा उजळला. “हे तर आपलंच झालं की, सर. मेमरीत काही ठेवायचं नाही, सगळं बाहेर.” पीएचपीत ती हेच करत आली होती, कारण तिथे दुसरा इलाजच नव्हता. भाषेनं लावलेली शिस्त आता समजून-उमजून पाळायची होती. अनुभवी माणूस नवीन तंत्र शिकतो तेव्हा त्याचं जुनं वाया जात नाही असं आपण सहज म्हणतो. ते कसं वाया जात नाही ते मी त्या दुपारी पाहिलं.

पडणं हेच प्रमाण मानून आखलेली पद्धत या सगळ्याहून जुनी आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८०च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी एर्लांग ही भाषा बनवली. तिच्यात लाखो चिमुकल्या प्रोसेस एकाच यंत्रावर राहतात, एक पडली तरी बाकीच्या बोलत राहतात, आणि पडलेलीला उठवायला दुसरी नेमलेली असते. आपल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमागे हीच भाषा आहे. एका सर्व्हरवर २० लाख जोडण्या सांभाळल्याचं व्हॉट्सॲपच्या अभियंत्यांनी २०१२ मध्येच लिहून ठेवलं आहे.

पॅकेजांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ बोललं जातं. नोडमध्ये हवं ते एनपीएमवरून एका आज्ञेत मिळतं आणि त्याच्या मागोमाग शेकडो अनोळखी पॅकेजं आपल्या फोल्डरमध्ये येऊन बसतात. मार्च २०१६ मध्ये अझर कोचुलू या प्रोग्रॅमरनं वादातून आपली पॅकेजं काढून घेतली. त्यातलं लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं, मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारं एवढंसं पॅकेज नाहीसं झालं आणि जगभरचे प्रोजेक्ट बांधले जाईनात. ती आता नवं पॅकेज घेण्याआधी त्याचा कोड उघडून पाहते. ११ ओळी असतील तर स्वतः लिहिते.

मला खरी काळजी वाटते ती शिकवण्याच्या पद्धतीची. पुण्यात ‘फुल स्टॅक’च्या पाट्या चौकाचौकात दिसतात. बहुतेक ठिकाणी पहिल्याच तासाला एक्सप्रेस हे फ्रेमवर्क बसवतात, तिसऱ्या तासाला लॉगिनचं पान तयार होतं, आणि मुलं खूश होतात. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे; त्यातली कित्येक मुलं दिवसा नोकरी करून संध्याकाळी येतात, फी भरायला घरच्यांनी काहीतरी मागे ठेवलेलं असतं. म्हणूनच त्यांना जे द्यायला हवं ते दिलं जात नाही याचं वाईट वाटतं. फ्रेमवर्क काहीच न घेता, नुसत्या एचटीटीपी मॉड्यूलवर चार ओळींचा सर्व्हर लिहायला लावा. त्यात आकडा मोजायला लावा, तो मुद्दाम अडवायला लावा, मुद्दाम पाडायला लावा. एक्सप्रेस मग दोन दिवसांत येतं. कोड लिहून देणारी एआयची साधनं आल्यापासून तर याची गरज वाढली आहे. तिच्या फॉरईचसारखा कोड आता सेकंदात लिहून मिळतो. तो बरोबर आहे का, दोन हजार पालक एकदम आले तर काय होईल, हे ओळखायचं काम मात्र वाचणाऱ्यावरच राहतं, आणि वाचणाऱ्याला वेळेची रेघ आखता येत नसेल तर तो कशाच्या आधारानं ओळखणार?

नोड हे काही शेवटचं स्टेशन नाही. डालच्या त्या बर्लिनच्या भाषणानंतर दोनच दिवसांनी, १० नोव्हेंबर २००९ रोजी, गुगलनं गो ही भाषा जाहीर केली. रॉबर्ट ग्रिसेमर, रॉब पाइक आणि युनिक्सचे केन थॉम्प्सन हे तिचे कर्ते. तोच प्रश्न त्यांनी दुसऱ्या वाटेनं सोडवला. गोमध्ये तुम्ही पीएचपीसारखंच सरळ वरून खाली लिहायचं. प्रत्येक जोडणीला एक गोरुटीन मिळतं, ते सुरुवातीला दोन केबी इतक्याच स्टॅकवर चालतं, आणि ते वाट पाहायला लागलं की भाषाच त्याला बाजूला करून दुसऱ्याला पुढे आणते. फार मोठे सर्व्हर लिहायचे तर आपण गो निवडू, असं पुढे डालनंही सांगितलं. आणि पीएचपीही जागच्या जागी थांबलेलं नाही. लाराव्हेल ऑक्टेन २०२१ मध्ये आलं, नंतर फ्रान्सच्या केव्हिन डंगलासनं फ्रँकनपीएचपी काढलं, आणि तेही गोमध्ये लिहून. दोन्हींत पीएचपीचा प्रोग्रॅम रिक्वेस्ट संपल्यावरही जिवंत राहू शकतो. म्हणजे रिक्वेस्टनंतर काय उरतं, हा प्रश्न पीएचपी न सोडणाऱ्यांच्याही दारात येऊन उभा आहे.

बसच्या प्रोजेक्टचा निर्णय तिनं घेतला आणि मालकांना पटवला. हलती बस दाखवणारा भाग नोडमध्ये. फी, हजेरी, पीडीएफ, शाळेच्या क्लार्कची सगळी पानं पीएचपीतच. सगळं नव्यानं लिहूया म्हणणारे टीममध्ये होते. तिनं विचारलं, फीच्या पानाला दहा हजार जोडण्या उघड्या ठेवायच्या आहेत का? नाहीत ना? मग ज्या कोडमधल्या चुका गेल्या काही वर्षांत निघून गेल्यात तो फेकायचा कशाला? पीडीएफचं काम रांगेत टाकून बाजूच्या पीएचपी प्रोसेसकडे दिलं. दोन्ही बाजू रेडिसमधून एकमेकींशी बोलतात.

दिवाळीनंतर ती गो शिकायला घेणार आहे. परवा फोनवर बोलणं झालं. पहिला प्रश्न तिनं लूपचा विचारला नाही की फंक्शनचाही नाही. “सर, यात एक रिक्वेस्ट पडली तर बाकीच्यांचं काय होतं?” गोचा एचटीटीपी सर्व्हर रिक्वेस्टच्या हँडलरमधली पडझड तिथल्या तिथे सावरतो, मी सांगितलं, बाकीच्यांना धक्का लागत नाही, पण त्या हँडलरमधून तू स्वतः वेगळं गोरुटीन सोडलंस आणि ते पडलं, तर अख्खा प्रोग्रॅम जातो. “थांबा, लिहून घेते,” ती म्हणाली, आणि लगेच पुढचं विचारलं: “मग ते सोडलेलं गोरुटीन पडलं तर सावरायचं कुणी, त्यानं स्वतः की मी?” त्यानं स्वतः, त्याच्याच पोटात ‘रिकव्हर’ लिहून, बाहेरून दुसऱ्या कुणाला ते करता येत नाही.